पुसणं

आमच्या भागात माणूस 'विचारत' नाही, 'पुसतो'. "त्याले पुस", "मले कोनी पुसलं?", "पुसल्याबिगर कायले गेला?" असं बोलत आम्ही लहानाचे मोठे झालो. शाळेत मास्तरांनी सांगितलं की शुद्ध शब्द 'विचारणे' आहे आणि पुसणे म्हणजे फडक्यानं कोरडं करणे. पुढं कळलं की मास्तरांचं अर्धंच खरं होतं. जुन्या मराठीत पुसणे म्हणजे विचारणेच. दोन वेगळ्या संस्कृत मुळांतून आलेले दोन शब्द मराठीत येऊन एकसारखे झाले, एवढंच. आणि शहरातली माणसंही आजाऱ्याची 'विचारपूस' करतातच की. त्या जोडशब्दात आमचा गावठी शब्द अजून टिकून बसला आहे.

म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत मला हे दोन अर्थ नेहमी एकमेकांसमोर उभे दिसतात. माणूस जसजसा थकतो, तसतसं त्याला पुसणं एका अर्थानं वाढत जातं. त्याचं तोंड पुसायचं, अंग पुसायचं, खाटेखालची जमीन पुसायची. आणि दुसऱ्या अर्थानं त्याला पुसणं कमी होत जातं. आधी शेतात काय पेरायचं ते पुसत नाहीत. मग घरात लग्न ठरतं ते पुसत नाहीत. मग तो काय खाईल, कुठं झोपेल, कोणत्या दवाखान्यात जाईल, हेही पुसायचं बंद होतं. हे करणारे लोक वाईट असतात असं नाही. बहुतेक वेळा ते रात्ररात्र जागणारे, पदरमोड करणारे, मायेचेच असतात. म्हणूनच हा प्रश्न सोपा नाही. ज्याची सेवा मनापासून होते आहे, त्याला त्या सेवेबद्दल काही म्हणायचा हक्क आहे का? असला तर किती?

आमची मोठी माय, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अंगणात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. भिवापूरकडच्या आमच्या गावाहून नागपूर दीड-दोन तासांवर. धंतोली-रामदासपेठेकडे गाडी वळली की एका रस्त्यावर जितके दवाखाने दिसतात तितकी आमच्या गावात घरं नाहीत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, वरून छिंदवाडा आणि बालाघाट, सगळीकडचे आजारी तिथं येतात. मोठ्या मायच्या खुब्यात बॉल टाकला. शस्त्रक्रिया चांगली झाली. डॉक्टर चांगले होते. पण आठ दिवसांत ते जे काही बोलले ते माझ्या चुलतभावाशी, त्याच्या मेव्हण्याशी, कधी माझ्याशी. मोठी माय खाटेवर पडून एकेकाच्या तोंडाकडे बघायची. सुटी देतानाचा कागद इंग्रजीत होता, आणि तो तिच्या उशाशी नाही, भावाच्या खिशात गेला.

घरी आणल्यावर गावात पूर्वी उपकेंद्रावर असलेल्या, आता निवृत्त झालेल्या नर्सबाई बघायला आल्या. तोवर खाट कुठं टाकायची यावर घरात चर्चा झालेली होती. मधल्या खोलीत, भिंतीकडे, म्हणजे वारा लागणार नाही आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार नाही. नर्सबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि सरळ मोठ्या मायला म्हणाल्या, "आजी, खाट कोठी टाकू जी?"

"मले काय पुसता? पोराले पुसा."

"खाटेवर पोरगा झोपनार हाय का तुमी?"

घरातले हसले. मोठी माय हसली नाही. जरा थांबून म्हणाली, "मंग दरवाजापाशी टाका. मले रस्ता दिसला पाह्यजे."

खाट दरवाजापाशी आली. त्यातून काय झालं ते सांगतो. रस्त्यानं जाणारी बाई थांबायची, मोठी माय तिला बघायला मान उचलायची, मग कोपरावर टेकायची, मग बसायची. फिजिओथेरपीच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेले व्यायाम ती करत नव्हती, पण माणूस दिसलं की उठून बसत होती. नर्सबाईंनी तेच धरलं. "ओसरीवर कवा जायचं?" असं त्या रोज पुसायच्या. वॉकर धरून ओसरीपर्यंतची अकरा पावलं हे मोठ्या मायचं स्वतःचं काम झालं, दवाखान्याचं राहिलं नाही.

त्याहून मोठी गोष्ट पाण्याची. मे महिना होता. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो हे नागपूरकरांना सांगायला नको. मोठी माय पाणी पीत नव्हती. तांब्या भरलेला तसाच. भाऊ रागवायचा, सून विनवायची, नातू ग्लुकोजची पुडी आणायचा. लघवीला जळजळ सुरू झाली, संध्याकाळी ती असंबद्ध बोलायला लागली. सगळे म्हणाले, बुढीचं डोकं फिरलं, वय झालं. नर्सबाईंनी मात्र एकच केलं. सगळ्यांना बाहेर काढून तिला पुसलं, "आजी, पानी काऊन नाई पेत?"

उत्तर असं होतं. सून सकाळी वावरात जाते. घरात नातू असतो. पाणी प्यायलं की लघवी लागते. "नातवाले कसं म्हनू, मले उचल म्हनून?" डायपर बांधला होता, पण त्यात करायची तिला लाज वाटायची. म्हणून तिनं दिवसभर पाणीच सोडलं होतं. पाणी कमी पडलं की लघवीचा जंतुसंसर्ग होतो, आणि म्हाताऱ्या माणसात त्याचं पहिलं लक्षण पुष्कळदा ताप नसतो, बरळणं असतं. घर ज्याला हट्ट म्हणत होतं तो तिच्या मनाशी केलेला साधा हिशोब होता. तो हिशोब कोणत्याही तपासणीत दिसत नाही. तो फक्त पुसल्यावर कळतो. मग खुर्चीला भोक पाडून घरच्या घरी कमोड झाला, शेजारची एक बाई दुपारी दोनदा येऊ लागली, संसर्गावर औषध सुरू झालं आणि तांब्या रिकामा व्हायला लागला.

यावरून मला चरकाची आठवण होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उपचाराचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, जवळ राहून काळजी घेणारा परिचारक आणि चौथा स्वतः रोगी. खाटेचे चार पाय असावेत तसे. मला याचं फार नवल वाटतं की रोग्याला तिथं खाटेवर ठेवलेलं नाही, खाटेचा पाय केलेलं आहे. प्रत्येक पादाचे चार गुण सांगितले आहेत. परिचारकाला उपचाराचं ज्ञान हवं, हातात कौशल्य हवं, रोग्याबद्दल ओढ हवी आणि स्वच्छता हवी. रोग्याच्या गुणांत एक आहे ज्ञापकत्व, म्हणजे आपल्याला काय होतंय ते सांगता येणं. सांगता येणं हा गुण ठरला, तर ऐकणारा असणं ओघानंच आलं. पण प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की त्याच यादीत निर्देशकारित्व आहे, म्हणजे वैद्य सांगेल तसं वागणं. आम्ही घराघरांत त्या यादीतला हाच एक गुण उचलला. म्हातारीनं ऐकावं, एवढंच आम्हाला पटलं. म्हातारीचं ऐकावं, हे त्याच पानावर होतं.

'शुश्रूषा' हा शब्द तर आणखी बोलका आहे. आपण तो सेवेसाठी वापरतो, पण त्याच्या मुळाशी 'श्रु' म्हणजे ऐकणं आहे. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. ती शिष्याची गुरूबद्दलची असो की परिचारिकेची रोग्याबद्दलची, आधी कान आणि मग हात, असा तो क्रम आहे. नर्सिंगचं शिक्षण घेणाऱ्या मुलींना व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन परिचारिकेची व्याख्या शिकवतात. तिचा मतितार्थ असा की अंगात बळ, मनात उमेद आणि पुरेशी माहिती असती तर माणसानं स्वतःसाठी जे केलं असतं, ते त्याच्यासाठी करणं, आणि तो लवकरात लवकर पुन्हा स्वतःचं स्वतः करू लागेल अशा रीतीनं करणं, म्हणजे नर्सिंग. बरं होणं शक्य नसेल तर शांतपणे मरणंही तिनं त्यात धरलं आहे. या व्याख्येतली गोम लक्षात घ्या. 'त्यानं स्वतः काय केलं असतं' हे त्याला पुसल्याशिवाय कळायचं कसं? म्हणजे पुसणं हे नर्सिंगच्या आधीचं सौजन्य नाही, ते नर्सिंगचंच काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली म्हाताऱ्यांच्या काळजीसाठी जी मार्गदर्शिका काढली, तीही इथंच येऊन थांबते. काळजीची योजना ठरवताना त्या माणसाला स्वतःला काय साधायचं आहे ते आधी बघा. आमच्या नर्सबाईंनी ती मार्गदर्शिका पाहिली असेल असं मला वाटत नाही. त्यांना ओसरी माहीत होती.

नागपूरला या कामाची जुनी परंपरा आहे. कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी १९२१ साली इथं मातृ सेवा संघ सुरू केला. बाईचं बाळंतपण नीट व्हावं म्हणून दुसरी बाई शिकून उभी राहते, हे त्या काळी सोपं नव्हतं. आणि इकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत दाखवून दिलं की थोडं शिकलेल्या गावच्याच बायका घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेऊ शकतात. ते संशोधन १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक कमी झाले होते. पुढं देशभरच्या आशाताईंच्या कामात ही पद्धत आली. घर ही उपचाराची कमी दर्जाची जागा नाही, हे आमच्याच मुलुखानं जगाला शिकवलं. पण ते आयुष्याच्या या टोकाला. त्या टोकाला काय?

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं दहा कोटींहून अधिक होती, आणि त्यांतली शंभरातली सुमारे एकाहत्तर खेड्यांत होती. आता ती आणखी वाढली आहेत. पोरं पुण्याला, हिंगण्याच्या एमआयडीसीत, मिहानमध्ये. गावात म्हातारी आणि म्हातारा. केरळात १९९३ साली कोझिकोडला काही डॉक्टरांनी वेदना कमी करण्याचं काम सुरू केलं आणि पुढं त्याचं शेजाऱ्यांचं जाळं झालं. गावातल्या माणसानं आठवड्यातले दोन तास द्यायचे, खाटेला खिळलेल्याच्या घरी जायचं, बसायचं, पुसायचं. जखम धुणं नर्स करेल, पण एकटेपणा धुवायला नर्स पुरणार नाही, हे त्यांनी ओळखलं. आपल्याकडे २००७ साली आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा झाला. तो चांगला आहे, त्याची गरजही आहे. पण कायदा पोटगी द्यायला लावू शकतो, पुसायला लावू शकत नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, हे बोलायला ठीक आहे. ज्यानं केलं त्याला पुसा. खरंच पुसावं. मोठ्या मायच्या सुनेनं एकदा मला ऐकवलं, "आजीले काय खायचं ते पुसता, मी कवा जेवली ते कोन पुसते?" तिची मिरच्यांचे देठ खुडण्याची मजुरी त्या काळात बुडाली होती. कंबर दुखत होती. आजारी माणसाला कूस बदलून द्यायची तर दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, नाहीतर माकडहाडाला आणि टाचांना जखमा होतात. हे वाक्य लिहायला सोपं आहे. रात्री दोनला उठणारा हात बहुतेक घरांत बाईचाच असतो, आणि ती लेक किंवा सून असते. घरी काळजी घ्या, असं म्हणताना आपण पुष्कळदा 'सुनेनं काळजी घ्यावी' एवढंच म्हणत असतो. म्हाताऱ्या माणसाच्या मर्जीचा मान ठेवायचा आणि तो मान एका न विचारलेल्या बाईच्या पाठीवर लादायचा, हा न्याय नव्हे. चरकाचे चार पाद इथं पुन्हा उपयोगी पडतात. परिचारकही पायच आहे. तो मोडला तर खाट उभी राहत नाही. म्हणून पुसायचं तर दोघांनाही, आणि एकमेकांसमोर. मोठ्या मायला जेव्हा कळलं की सुनेची मजुरी बुडते आहे, तेव्हा दुपारच्या वेळी शेजारणीकडून करून घ्यायला ती स्वतःच तयार झाली. आधी शेजारणीच्या हातून नको म्हणत होती. तिला न सांगता ठरवलं असतं तर ती रुसली असती. तिला पुसलं म्हणून तिनं वाटा उचलला. उचलण्याजोगं तिच्याकडे अजून काही आहे, असं घराला वाटलं, याचंच तिला औषध झालं असावं.

दुसरी हरकत: ज्याला आठवतच नाही त्याला काय पुसणार? आमच्या गावात एक आजोबा होते. रोज सकाळी धोतर सावरून म्हणायचे, "चाल, बैल सोड." बैल विकून वीस वर्षं झाली होती. त्यांना 'ऑपरेशन करायचं का' असं पुसून उपयोग नव्हता. पण आंघोळ आता की उन्हं आल्यावर, भाकर की भात, हे त्यांना कळायचं. दोन गोष्टी समोर धरल्या की एकीवर बोट ठेवायचे. आणि बैल सोड म्हटल्यावर त्यांचा नातू दावं हातात द्यायचा. ते धरून ते गोठ्यापर्यंत जाऊन यायचे आणि दिवसभर शांत असायचे. माणसाच्या हातून मोठे निर्णय जातात म्हणून लहानही काढून घ्यावेत असं नाही. उलट मोठे गेल्यावर लहानांचंच मोल वाढतं.

तिसरी हरकत सगळ्यांत अवघड. पुसलं आणि उत्तर नकोसं आलं तर? म्हणूनच आपण पुसत नाही, असं मला वाटतं. कॅन्सर झालेल्या बापाला कोणी सांगत नाही. "बापू, गाठ साधी हाय, महिन्याभरात नांगर धरसान," असं सगळे म्हणतात, आणि बापूही ऐकून घेतात, कारण त्यांना कळलेलं असतं. खोट्या धीराला फ्लॉरेन्स नाइटिंगेल किती वैतागली होती ते तिच्या १८५९ च्या नर्सिंगवरच्या पुस्तकात दिसतं. आजाऱ्याला भेटायला येऊन उगाच आशेच्या गप्पा मारणाऱ्यांवर तिनं एक अख्खं प्रकरण खर्च केलं आहे. अशा धीरानं आजारी माणूस एकटा पडतो. त्याला जे बोलायचं असतं ते बोलायला कोणी उरत नाही.

या बाबतीत आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. गांधीजींनी आत्मकथेत दक्षिण आफ्रिकेतला प्रसंग लिहिला आहे. कस्तुरबा शस्त्रक्रियेनंतर अत्यंत अशक्त, डॉक्टर म्हणतात गोमांसाचा रस द्यावाच लागेल. गांधीजींचं म्हणणं, तिनं स्वतः घ्यायचं म्हटलं तर माझी ना नाही. ती बोलण्याच्याही स्थितीत नव्हती, तरी तिला पुसणं हे त्यांनी आपलं कर्तव्य मानलं. बांनी ठाम नकार दिला, आणि त्या जगल्या. पण १९४४ च्या फेब्रुवारीत आगाखान पॅलेसमध्ये बा शेवटच्या दुखण्यात होत्या, देवदास पेनिसिलिनचा आग्रह धरत होते आणि गांधीजी टोचण्यांना नको म्हणत होते. त्या प्रसंगाच्या ज्या हकिकती सांगितल्या जातात, त्यांत आपल्याला बापलेकाचं बोलणं ऐकू येतं. बांचा आवाज क्षीण झालेला आहे. हाच माणूस सेवाग्रामला परचुरेशास्त्र्यांच्या कुष्ठाच्या जखमा स्वतःच्या हातानं धूत, त्यांना मालिश करत असे. इतक्या मोठ्या सेवकाच्या घरीही पुसणं आणि ठरवणं यांची सीमा धूसर होते, तर आपलं काय, असं मनात येतं.

आणि मग पवनार. १९८२ च्या नोव्हेंबरात विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. वय सत्त्याऐंशी. त्यांनी अन्न आणि औषध दोन्ही घेणं थांबवलं. डॉक्टर होते, देश बघत होता, विनवण्या झाल्या. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवसांत, धाम नदीच्या काठी ते गेले. ते बरोबर होतं का यावर तेव्हाही वाद झाला आणि अजून होतो. मी त्याचा निकाल देत नाही. मला त्यातली एवढीच गोष्ट दिसते की निर्णय त्यांचा होता आणि भोवतालच्यांनी तो त्यांचा राहू दिला. त्यासाठी फार प्रेम लागतं. जबरदस्तीनं जगवण्यापेक्षा जास्त.

९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि शुद्धीत असताना आपली इच्छा लिहून ठेवता येईल असं सांगितलं. २०२३ च्या जानेवारीत त्याची किचकट पद्धत थोडी सोपी झाली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. चांगलं झालं. पण आमच्या गावात असा कागद करायला कोणी जाणार नाही, आणि गेलं तरी वेळेवर तो ट्रंकेच्या तळाशी सापडायचा. कागदाच्या आधी बोलणं झालेलं असलं पाहिजे.

मोठ्या मायच्या घरी ते झालं होतं. पडल्यानंतर दीड वर्षानं तिला दम लागायला लागला. त्याआधीच एका संध्याकाळी ओसरीवर बसून तिनं मुलाला सांगितलं होतं, "मले आता नागपूरले नेजो नोको. इथंच राहू दे." भाऊ काही बोलला नाही, पण त्यानं ते ऐकलं होतं. दम वाढला तेव्हा त्यानं तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं, दोन दिवस ऑक्सिजन लावला. नागपूरला हलवा, आयसीयूत ठेवावं लागेल, असं सांगण्यात आलं. भावानं तिच्या तोंडाशी कान नेऊन पुन्हा पुसलं. ती म्हणाली, "घरी." डॉक्टरांनी दम कमी वाटेल अशी औषधं समजावून दिली. घरी ती अकरा दिवस होती. दरवाजापाशीच.

नंतर गाव बोललं. पैसे होते, गाडी होती, तरी बुढीला नागपूरला नेलं नाही. नागपूरच्या काचेच्या दवाखान्यात पाच लाख घालवून तिथं ती गेली असती तर हेच गाव म्हणालं असतं, पोरानं काही कमी केलं नाही. आपल्याकडे पोराचं प्रेम बिलावर मोजतात. भाऊ कोणाशी भांडला नाही. पानाच्या टपरीवर एकानं फारच लावून धरलं तेव्हा एवढंच म्हणाला, "मायले पुसलं होतं."

मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर याच्या आसपास कुठंतरी आहे. पुसणं म्हणजे म्हणेल ते करणं नव्हे. म्हाताऱ्या माणसाचाही हट्ट चुकीचा असू शकतो, त्यालाही भीती असते, आळस असतो, तोही दुसऱ्यावर अन्याय करू शकतो. त्याला नाही म्हणता येतं. पण नाही म्हणायचं तर त्याच्या तोंडावर, कारण सांगून म्हणावं लागतं, आणि त्याचं उत्तर ऐकून घ्यावं लागतं. तो खोलीत असताना त्याच्याबद्दल 'तो' म्हणून बोलणं हे त्याहून वेगळं आहे. तिथं आपण त्याला जिवंतपणीच घराबाहेर काढलेलं असतं, भले खाट एसीच्या खोलीत का असेना.

आणि पुसायचं ते बोलता येतं तोवर. आपण शेवटच्या दिवशी, नळ्या लावलेल्या असताना, 'काही सांगायचं आहे का' असं पुसतो. तोवर उशीर झालेला असतो. खरं पुसणं सुपारी कातरताना, शेंगा फोडताना, उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकल्यावर होतं. खाट कुठं टाकू, इथपासून सुरुवात करता येते. ज्या घरात ते पुसलं जातं, तिथं पुढचं अवघड पुसायलाही जीभ रेटते. ज्या घरात खाटेबद्दलच पुसलं नाही, तिथं मरणाबद्दल कोण कोणाला पुसणार?